खोताच्या वाडीतला ओटा



संयोजकांनी मला ‘मुंबईतली 34 वर्षं’ असा विषय दिला. दहा मिनिटांत 34 वर्षं काही मावत नाहीत. म्हणून एका दुपारचं सांगतो.

यवतमाळचा कापूस शकुंतलेनं मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला जायचा. मीही त्याच वाटेनं गेलो. गठाणीत दाबलेल्या कापसाला काय वाटत असेल, ते लोकलमध्ये रोज कळलं. मुंबई म्हणजे समुद्र आणि गर्दी, एवढीच माझी समजूत.

निवृत्त झाल्यावर, मागच्या हिवाळ्यात, एकदा चर्नी रोडला उतरलो. काम काहीच नव्हतं. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून एका बोळात वळलो आणि हॉर्नचा आवाज मागंच राहिला. ही खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थानं इथली जमीन तुकडे पाडून ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचेच जुने ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे. बाहेरून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, त्यांनी हे नाव घेतलं.

घरं दुमजली, लाकडी, कौलारू. पुढं ओटा, कठड्यावर कुंड्या, माडीचा जिना बाहेरूनच. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला रेडिओ रस्त्यावर ऐकू येतो, इतकी शांतता. केशवजी नाईकांची चाळ, जिथं 1893 साली मुंबईचा सार्वजनिक गणपती बसला, ती इथून जवळच.

एका ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या.

“कुणाकडे आलात?”

“कुणाकडेच नाही. असाच.”

त्यांनी खुर्ची पुढं केली. एकेकाळी इथं 65 घरं होती, आता तिसाच्या आत उरलीत. वारसा यादीत नाव आहे, तरी. बिल्डरची माणसं येतात का, असं मी विचारलं. “येतात. चहा पाजते, परत पाठवते,” आजी म्हणाल्या. मग सहज विचारलं, “तुमचं घर आहे ना गावाला?”

मी म्हटलं, “आहे.”

खोटं बोललो. घर विकून आठ महिने झाले होते. भावाला पैसे पाहिजे होते, मला मुलाच्या फ्लॅटसाठी पाहिजे होते. सही मीच केली, कुणी हात धरून करवली नाही. तेच घर, जिथं दहावीला आपण सात जण अभ्यासाला जमायचो. बंगईच्या कड्या करकरल्या की आई आतून ओरडायची, “अभ्यास करता का झोके घेता रे?”

आज सकाळपासून तुमच्यापैकी तिघांनी मला विचारलं, घराकडे चक्कर मारू का? तिघांनाही मी “पाहू” म्हटलं. आजींना सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगतो. जेवणानंतर जाऊ. फाटकाला नव्या मालकाचं कुलूप आहे, आत जाता येणार नाही. बंगई भावाकडे नागपूरला आहे. कडुनिंब रस्त्याच्या अंगाला आहे आणि अजून तोडलेला नाही. सकाळी येताना पाहून आलो.