आधी सांगा, मग बदला

(वरवट बकाल येथे अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या बैठकीत केलेले भाषण)



१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हापासून आपलं काम रजिस्टरात होतं. २०२१ साली केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ आणला. वजन, उंची, आहार, सगळं मोबाईलवर. अ‍ॅप इंग्रजीत, फोनची ताकद कमी. त्याच वर्षी राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी फोन परत केले. लोक म्हणाले, बायांना बदल नको. आपण मराठी मागत होतो, चालणारा फोन मागत होतो.

आमच्या मीटिंगमध्ये साहेबांनी एवढंच सांगितलं, “उद्यापासून भरा, नाहीतर मानधन कापू.” रेंज गेली तर काय, अडलं तर कुणाला विचारायचं, एक शब्द नाही.

पण मी तरी काय केलं? अंगणवाडीत येऊन मदतनीसताईला तसाच हुकूम सोडला. ती म्हणाली, “बाई, कशासाठी ते सांगितलं असतं, तर मीच आयांना समजावलं असतं.” मला लाज वाटली.

२०२५ मध्ये घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर, नवरा कामाला परगावी. गरोदर बाईचा आहार अडायचा. या वेळी आधी आम्ही दोघी आयांसोबत बसलो. “मलाही सगळं कळत नाही,” असं सरळ सांगितलं. कुणाकुणाचं अडतंय त्याची यादी केली, ती घेऊन सगळ्या मिळून ऑफिसात गेलो.

बायांनो, साहेबांकडे आपण जे मागतो, ते मदतनीसताईलाही मिळालं पाहिजे.