आग्नेय आशियांतील उपाहारगृहें आणि त्यांचे सण

उपाहारगृह म्हणजे पैसे टाकून पोट भरण्याची जागा, एवढीच ज्यांची समजूत असेल त्यांनीं सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉक ह्यांपैकीं एखाद्या शहरांतील वर्षभराच्या पाट्या वाचाव्यात. सण आला कीं तेथील उपाहारगृहाच्या दारावरची पाटी पालटते. चिनी नववर्षाला एक पदार्थ येतो, रमजानच्या महिन्यांत दुसरा येतो, आणि आश्विनाच्या सुमारास तर कित्येक ठिकाणीं मांसमच्छी पार नाहींशी होऊन पिवळीं निशाणें फडकूं लागतात. ह्यांत व्यापार आहे, हें उघड आहे. परंतु तो निव्वळ व्यापार आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कारण सणासुदीला त्या उपाहारगृहाचें दार कोणासाठीं उघडें राहतें आणि कोणासाठीं बंद होतें, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें.

आरंभ सिंगापूरपासून करणें सोयीचें. चिनी पंचांगाचें वर्ष बहुधा माघ शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास सुरू होतें, आणि त्याचा सातवा दिवस हा मनुष्यमात्राचा जन्मदिवस मानण्याचा प्रघात आहे. मराठी घरांतून ज्या दिवशीं दूध उतूं घालून रथसप्तमी साजरी होते, बहुधा त्याच दिवशीं सिंगापुरांतील चिनी कुटुंबें एका मोठ्या ताटाभोवतीं उभीं राहतात. त्या ताटांतील पदार्थाचें नांव युशेंग. कच्च्या माशाच्या पातळ चकत्या, पांढऱ्या मुळ्याचा व गाजराचा लांब कीस, मुरवलेलें आलें, पपनसाचा गर, शेंगदाण्याचें कूट, तीळ आणि पिठाचे तळलेले कुरकुरीत तुकडे अशी त्याची मांडणी असते. वाढणारा एकेक जिन्नस घालतांना एकेक शुभवचन उच्चारतो. माशासाठीं असलेला चिनी शब्द आणि विपुलतेसाठीं असलेला शब्द ह्यांचा उच्चार सारखाच असल्यामुळें मासा हा ह्या ताटाचा प्राण समजला जातो. मग लहानथोर सर्वांनीं आपापल्या काड्यांनीं तें मिश्रण उंच उधळावयाचें. जितकें उंच उडेल तितकें वर्ष भरभराटीचें, अशी समजूत आहे.

हा विधि पाहणाऱ्यास पुरातन वाटतो. नववर्षाला कच्चा मासा खाण्याची दक्षिण चीनमधील रीति जुनी आहे, हें खरें. परंतु सिंगापुरांत आज दिसणारें तिचें रूप एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरांतून बाहेर पडलें आहे. इ. स. १९६४ मध्यें लाई वाह ह्या उपाहारगृहांत सिन लिआँग, हूई कोक वाई, थाम युई काई आणि लाउ योक पुई ह्या चार बल्लवाचार्यांनीं सप्तरंगी युशेंग गिऱ्हाइकांपुढें ठेवलें. प्रत्येकानें आपापलें कालवण कालवीत बसण्याऐवजीं आंबटगोड पातळ मसाला आधींच तयार करून देण्याची सोयही त्यांनीं केली. मलेशियांतील सेरेम्बान ह्या शहरालाही ह्या पदार्थाचें जन्मस्थान होण्याचा मान हवा आहे, आणि हा वाद दोन्ही देशांत मोठ्या चवीनें चालतो. वादाचा निकाल कसाही लागो. एका धंद्यानें सणाला नवें रूप दिलें आणि लोकांनीं तें आपलें म्हणून उचललें, एवढें मात्र निश्चित. व्यापार आणि परंपरा ह्यांच्यामध्यें मोठी भिंत आहे असें मानणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

अर्थात् ह्या लोकप्रियतेची दुसरी बाजूही आहे. एका दिवसाचा पदार्थ आतां सबंध नववर्षाच्या पंधरवड्यांत, किंबहुना त्याच्याही आधींपासून, मिळूं लागला आहे. मोठीं हॉटेलें त्यांत महागडे जिन्नस घालून त्याची किंमत चढवितात. शिवाय कच्च्या माशाचा धोका निराळाच. इ. स. २०१५ मध्यें सिंगापुरांत कच्चे मासे खाण्यामुळें जंतुसंसर्गाचे अनेक रोगी आढळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें गोड्या पाण्यांतील मासे कच्चे वाढण्यास बंदी केली. ताट कायम राहिलें, मासा बदलला. पुढें करोनाच्या साथींत, इ. स. २०२१ च्या नववर्षीं, उपाहारगृहांतून युशेंग उधळतांना तोंडावर पट्टी ठेवावी आणि शुभवचनें मोठ्यानें उच्चारूं नयेत, असा नियम झाला. ज्या विधीचा जीव गलबल्यांत, तो त्या वर्षीं मुक्यानें पार पडला. लोकांनीं तो सोडला मात्र नाहीं.

सिंगापुरांतील सामान्य माणूस रोजचें जेवण घेतो तें हॉटेलांत नव्हे, तर फेरीवाल्यांच्या मंडयांत. एके काळीं हे फेरीवाले रस्त्याच्या कडेला चुली मांडून बसत. इ. स. १९६८-६९ मध्यें त्यांची नोंदणी झाली आणि १९७१ पासून १९८६ पर्यंत सरकारनें नळ, मोऱ्या व छप्पर असलेल्या मंडया बांधून त्यांना तेथें हलविलें. एकाच छपराखालीं चिनी, मलायी आणि भारतीय अन्न मिळावें आणि तें मजुरालाही परवडावें, ही त्या मंडयांची ख्याति. इ. स. २०२० मध्यें युनेस्कोनें ह्या संस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली. परंतु सन्मानानें गुडघे दुखावयाचे थांबत नाहींत. पहांटे उठून चुलीपुढें उभे राहणारे पुष्कळ फेरीवाले आज साठीच्या घरांत आहेत, आणि त्यांच्या शिकल्यासवरल्या मुलांना ही चूल नको आहे. वाटीभर शेवयांचा भाव वाढविला तर गिऱ्हाईक कुरकुरतें, न वाढविला तर चालविणारा टिकत नाहीं. स्वस्त अन्नाची किंमत कोणीतरी आपल्या श्रमानें भरीत असतें, हें सत्य सिंगापूरच्या मंडयांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच इतरत्र दिसत असेल.

सिंगापूर सोडून मलेशियाच्या राजधानींत आल्यावर रमजानचें चित्र दिसतें. हा मास चांद्र असल्यामुळें दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळें तो कधीं पावसांत येतो, कधीं उन्हांत. तिसऱ्या प्रहरीं रस्तोरस्तीं बाजार भरतात, आणि मोठ्या हॉटेलांतून सूर्यास्तानंतर शेकडों पदार्थांचीं मेजें मांडलीं जातात. दिवसभर ज्यानें संयम पाळावयाचा त्यानेंच रात्रीं अमर्याद वाढून घ्यावें आणि उरलेलें अन्न टाकून द्यावें, ह्या विसंगतीची चर्चा खुद्द त्या देशांत दरवर्षीं होते. ह्याच शहरांत कांपुंग बारू नांवाची जुनी मलायी वस्ती आहे. तेथील मशिदीच्या आवारांत रमजानभर मोठमोठ्या पातेल्यांतून बुबुर लांबुक शिजते. बुबुर म्हणजे पेज. तांदूळ, मांस, सुके जवळे, नारळाचें दूध, आलें, लसूण, खडा मसाला आणि वरून तळलेला कांदा असा तिचा घाट असतो. ढवळण्याचें काम स्वयंसेवक करतात, आणि दुपारच्या नमाजानंतर रांगेंत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या हातांत ती फुकट पडते. रांगेंतल्या माणसाला तूं कोण, कोठला, हें कोणी विचारीत नाहीं. कित्येक दशकें चाललेल्या ह्या रिवाजाचें अनुकरण आतां मलेशियाभर होतें, आणि अनेक उपाहारगृहें व कंपन्याही त्या महिन्यांत पेज शिजवून वांटतात. त्यांत आपल्या नांवाची जाहिरात व्हावी हा हेतु असेलही. परंतु उपाशी माणसाच्या वाटींतील पेज त्यामुळें पातळ होत नाहीं.

थायलंडमधील, म्हणजे जुन्या सयाममधील, रीति मराठी श्रोत्यांना सर्वांत जवळची वाटावी. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तेथील चिनी वंशाचे लोक, आणि त्यांचें पाहून इतरही, 'जे' नांवाचें व्रत पाळतात. हे नऊ दिवस पुष्कळ वर्षीं नेमके शारदीय नवरात्राचेच असतात. व्रताच्या काळांत मांस, मासे, अंडीं, दूध हें सर्व वर्ज्य. इतकेंच नव्हे तर कांदा आणि लसूणही वर्ज्य. थायी स्वयंपाकाचा कणा जो माशाचा रस, तोही चालत नाहीं. त्याच्या जागीं सोयाबीनचा रस येतो. व्रत न पाळणाऱ्यांचीं भांडीं ह्या अन्नाला लागूं नयेत म्हणून कित्येक उपाहारगृहें निराळीं भांडीं वापरतात, आणि दारावर पिवळें निशाण लावून त्यावर तांबड्या अक्षरांत 'जे' लिहितात. परगांवच्या व्रतस्थाला तें निशाण दिसलें कीं पुरे. आंत जाऊन शंका विचारण्याची गरज उरत नाहीं.

फुकेत बेटावर ह्या उत्सवाची एक आख्यायिका सांगतात. इ. स. १८२५ च्या सुमारास काथू ह्या गांवीं कथिलाच्या खाणींतील मजुरांपुढें खेळ करण्यासाठीं चीनमधून नाटक मंडळी आली. तेथें तापाची साथ पसरून नटमंडळी आजारी पडली. तेव्हां त्यांनीं देशीचें हें व्रत आठवून तें नेमानें पाळलें, साथ ओसरली, आणि गांवानें व्रत पुढें चालविलें. आख्यायिकेंत इतिहास किती, हें बाजूला ठेवूं. परंतु परक्या देशांत संकटांत सांपडलेल्या माणसांनीं एकत्र शिजवून एकत्र खाण्याचा आधार शोधला, हा तिचा गाभा पटण्यासारखा आहे. आजही त्या बेटावर देवळांच्या मुदपाकखान्यांतून व्रताचें अन्न शिजतें आणि कुटुंबें आपापले डबे घेऊन तें न्यावयास येतात. दुसरीकडे, बँकॉकमधील दुकानांतून ह्याच नऊ दिवसांत व्रताच्या नांवाखालीं नाना पदार्थ विकले जातात आणि भाजीचे भाव चढल्याची तक्रारही ऐकूं येते. ह्याच बँकॉकमध्यें, सिलोम मार्गावरील मारिअम्मनच्या देवळांत, तमिळ मंडळींनीं नेलेलें नवरात्र साजरें होतें. आणि त्या मिरवणुकीच्या गर्दींत थायी भाविक मोठ्या संख्येनें असतात.

महाराष्ट्रांतील उपासाशीं ह्या प्रदेशाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो दर एकादशीला ताटांत वाढला जातो. साबुदाणा हा तो संबंध होय. ह्या शब्दांतील 'साबू' मलायी भाषेंतील 'सागू' ह्या शब्दावरून आला. आणि मूळचा साबुदाणा मलाया व आसपासच्या बेटांवरील सागू नांवाच्या ताडाच्या गाभ्यांतील पिठाचा असे. दुसऱ्या महायुद्धांत तिकडून येणारा माल खुंटला, आणि १९४० नंतरच्या दशकांत तमिळनाडूंतील सेलमच्या परिसरांत टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढीस लागला. हा कंद तर मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतून आषाढी एकादशीला 'उपवासाची थाळी' अशी पाटी लागते आणि तिच्यांत साबुदाण्याची खिचडी सोवळ्यानें विराजमान होते, तेव्हां तिनें किती समुद्र ओलांडले आहेत, ह्याची कोणास शंकाही येत नाहीं. जें अत्यंत आपलें वाटतें तेंही केव्हांतरी पाहुणें म्हणून आलेलें असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. उपाहारगृहाचा सण खरा कीं दिखाऊ, हें पाटीवरून ठरत नाहीं. अडचणीच्या दिवशीं त्याचें दार कोणास उघडतें, ह्यावरून ठरतें. ती परीक्षा करोनाच्या काळांत झाली. इ. स. २०२० च्या मे महिन्यांत थायलंडमध्यें रस्त्याच्या कडेला अन्नाचीं कपाटें उभीं राहिलीं. ज्याच्याजवळ असेल त्यानें ठेवावें, ज्याला हवें असेल त्यानें न्यावें, एवढाच त्यांचा नियम. क्वचित् कोणी गाडी भरून माल पळविल्याच्या तक्रारी झाल्या. तरी कपाटें भरणारे हात थांबले नाहींत. इ. स. २०२१ मध्यें मलेशियांत टाळेबंदीमुळें हजारों घरांतील चुली थंडावल्या, तेव्हां ज्या घरांत अन्न नसेल त्यानें दारावर पांढरें फडकें लावावें, अशी हांक देण्यांत आली. भीक मागण्याची लाज वाटणाऱ्या कुटुंबाला शब्दही न बोलतां गरज सांगतां यावी, हा तिचा हेतु. पुष्कळ उपाहारगृहांनीं, स्वतःचें गिऱ्हाईक तुटलेलें असतांना, त्या फडक्यांच्या दिशेनें जेवणाचे डबे पाठविले. ज्यांनीं डबे पाठविले त्यांत चिनी, मलायी, भारतीय सर्व होते. आणि ज्यांच्या दारीं फडकें होतें त्यांतही सर्व होते.

ह्या वृत्तीला कायमचें रूप देण्याचे यत्नही त्या देशांत झाले आहेत. स्वामी शांतानंद सरस्वती ह्यांच्या प्रेरणेनें क्वालालंपूर आणि सिंगापूर येथें निघालेल्या अन्नलक्ष्मी ह्या शाकाहारी उपाहारगृहांनीं, पोटभर जेवावें आणि मनास येईल तें द्यावें, हें तत्त्व अंगीकारलें. तेथें वाढपाचें काम स्वयंसेवक करीत. महाराष्ट्रांतील तीर्थक्षेत्रांच्या अन्नछत्रांशीं परिचय असलेल्यांना ह्यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें इतकेंच कीं, देवळाच्या आवारांतली ही रीति भरबाजारांत, भाडें भरणाऱ्या दुकानांत, आजमावण्यांत आली.

सर्वच उपाहारगृहांनीं असें करावें, असें कोणी म्हणणार नाहीं. चूल पेटती ठेवावयाची तर नफा हवाच. आचाऱ्याला पगार द्यावयाचा आहे, वाढप्याच्या मुलांना शाळेंत घालावयाचें आहे. परंतु सणाचा लाभ घेणाऱ्यावर सणाचें थोडेंसें ऋणही चढतें. युशेंगचें ताट एकट्यानें उधळतां येत नाहीं. त्यासाठीं भोवतीं माणसें लागतात. पेजेचें पातेलें एका घरासाठीं कोणी चढवीत नाहीं. पिवळें निशाण आंतल्या गिऱ्हाइकासाठीं नसतें, तें रस्त्यावरून जाणाऱ्यासाठीं असतें. ह्या तिन्ही रूढि मुळांतच सामुदायिक आहेत, आणि ज्या उपाहारगृहाला त्यांच्यावर चार पैसे मिळवावयाचे आहेत त्यानें आपल्या पंक्तींत एखादें पान जास्त मांडावें, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे.