चिलखताची एक कडी

१६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटताना शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. तरी संग्रहालयात गेलो की सगळे धावतात तलवारींकडे. चिलखत बिचारं कोपऱ्यात.

ते बघायचं कसं? आधी सगळं बघूच नका. त्याच्या जाळीतली एक कडी निवडा, सेंटिमीटरभर व्यासाची. लोखंडी तारेचं वेटोळं करून ती कापलेली असते. तिची दोन टोकं एकमेकांवर आणून ठोकून चपटी करायची, तिथे भोक पाडायचं, कडी शेजारच्या कड्यांत ओवायची आणि मग भोकात इवलासा रिवेट घालून दाबून बसवायचा. अशा हजारो कड्या, प्रत्येकीत चार शेजारणी अडकलेल्या. आपल्याकडच्या जुन्या चिलखतांत बऱ्याचदा एक ओळ रिवेटची आणि एक बिनसांध्याच्या अखंड कड्यांची असते. म्हणजे मजबुती राखून रिवेटचं काम निम्म्यावर आलं! हा हिशेब ज्याला सुचला, त्याला माझा मुजरा.

एवढा खटाटोप कशाला? टोकं नुसती टेकवलेली कडी भाल्याच्या नेटाने उघडते. रिवेटची सहसा उघडत नाही. दणका मात्र हाडापर्यंत पोचतो, म्हणून आत जाड, कापूस भरलेला अंगरखा हवाच.

आता काखेकडे आणि खांद्याकडे पाहा. स्वेटर विणताना टाके वाढवतात-गाळतात, तशाच इथे ओळींतल्या कड्या वाढवल्या-गाळल्या आहेत. लोहाराइतकीच ही शिंप्याची कला आहे.

पुढे बंदुकांचा वापर वाढला आणि चिलखताची सद्दी संपत गेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पितळ, तांबं आणि लोखंड यांच्या कड्यांची नक्षी विणलेली चिलखतं निघाली. त्यांतल्या पुष्कळांत टोकं नुसती टेकवलेली. दिसतात सुरेख, पण माझ्या लेखी ते दरबारी पोशाख.

कड्या पाहून झाल्या की ठोकलेला मजकूरही शोधा. १६८९च्या सुमारास मोगलांनी दख्खनमधला अदोनीचा किल्ला घेतला. त्या लुटीतली शस्त्रं बिकानेरच्या महाराजा अनुपसिंहांच्या शस्त्रागारात गेली आणि त्यांतल्या अनेकांवर टिंबाटिंबांनी देवनागरीत तशी नोंदही ठोकलेली आहे. असं काही दिसलं तर जरूर वाचा.

आणि संग्रहालयात जाताना खिशात एक छोटं भिंग असू द्या. कडीवर रिवेटचं डोकं दिसलं, तर त्या चिलखतापुढे पाच मिनिटं जास्त थांबा.