घागर, माळवद आणि जडत्व

उदगीरच्या या दीक्षान्त समारंभात मांडावयाचा विषय एकच आहे : ज्यांचा विज्ञान शाखेशी कधी संबंध आला नाही अशा माणसांना भौतिकी, म्हणजे पदार्थ, गती, बल आणि उष्णता यांचे शास्त्र, शिकवणे. अध्यापकवर्गात हे काम दुय्यम समजले जाते, आणि प्रस्तुत वक्त्याच्या मते या व्यवसायाची सर्वांत मोठी चूक हीच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपत असताना, किल्लारी परिसरात झालेला भूकंप तीव्रतेच्या मोजपट्टीवर सहाच्या थोडाच वर होता, तरीही हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी तुळयांवरचे मातीचे माळवद अशी तेथील घरांची बांधणी होती. त्यानंतर मदतकार्यास गेलेल्या विद्यार्थ्यांबरोबर प्रस्तुत वक्ताही तेथे होता. पत्र्याच्या निवाऱ्यात बसलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, की दोन हात रुंद भिंतींचा वाडा बसला आणि शेजारचे कुडाचे खोपट उभे राहिले, हे कसे. 'जडत्वामुळे' असे उत्तर दिले गेले, आणि बाई मान हलवून गप्प झाल्या. ते उत्तर चुकीचे नव्हते, परंतु ते उत्तरच नव्हते. एका अनोळखी गोष्टीला दुसरे अनोळखी नाव तेवढे देण्यात आले होते, आणि पदवीधर माणसासमोर उलट प्रश्न विचारू नये अशी सवय असल्याने बाईंनी ते निमूटपणे स्वीकारले.

काही दिवसांनी पुन्हा जाणे झाले, तेव्हा व्याख्येऐवजी घागर पुढे करण्यात आली. डोक्यावर रिकामी घागर असताना पाठीमागून धक्का बसला तर बाई सावरते, परंतु घागर भरलेली असेल तर पाय पुढे सरकतात, घागर जागची हलू पाहत नाही, आणि या दोहोंमधल्या मानेवर सगळा ताण येतो. वस्तू जितकी जड तितकी ती आहे त्या स्थितीत राहू पाहते, या गुणाला जडत्व म्हणतात. भूकंपात जमीन एकाएकी आडवी सरकली, माळवद जागीच राहू पाहत होते आणि मधल्या भिंतींच्या दगडांना एकमेकांत धरून ठेवायला मातीखेरीज काही नव्हते. बाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मंजी भरलेली घागर घिऊन घर उभं व्हतं म्हना की." भौतिकीच्या अनेक वर्षांच्या अध्यापनात याहून नेमके उत्तर प्रस्तुत वक्त्यास कोणत्याही उत्तरपत्रिकेत आढळले नाही.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली, तेव्हाही कारणाऐवजी नुसते नाव देण्याचा हाच दोष दिसून आला. महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने कारण विचारले असता एक सहकारी 'पृष्ठताण' एवढाच शब्द उच्चारून वर्गावर निघून गेले, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपमान स्पष्ट दिसला. द्रवाच्या पृष्ठभागावरील कण एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या चमच्यातील दूध मूर्तीला टेकताच तिकडे ओढले जाते आणि पातळ थरात खाली ओघळते. दुधात रंग मिसळला की तो ओघळ सहज दिसतो. हे सांगण्यास पाच मिनिटे पुरली असती.

त्या प्रसंगानंतर कला आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थी व कर्मचारी यांच्यासाठी आठवड्यातून एक तास सुरू करण्यात आला, परंतु तो कोणत्या पेपरचा, कार्यभारात कसा धरावयाचा, असे प्रश्न उपस्थित झाले आणि वर्षभरात तो बंद पडला. याची खंत आजही कमी झालेली नाही. परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या 'लातूर पॅटर्न'ने या भागातील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारापर्यंत नेले हे खरे, परंतु त्याच काळात भौतिकी म्हणजे चार पर्यायांतून एक निवडणे अशी समजूतही दृढ झाली, आणि ज्याला प्रवेश परीक्षा द्यावयाची नाही त्याला भौतिकीची गरजच नाही असे मानले जाऊ लागले. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकाकडून, ज्याला पुढील वर्षी नेमणूक मिळेल की नाही याची खात्री नाही, अशा विनामोबदला तासाची अपेक्षा करणेही न्याय्य नाही.

वस्तुतः ज्याला अशिक्षित म्हटले जाते त्या शेतकऱ्याला पुष्कळ भौतिकी ठाऊक असते. विहिरीचे पाणी खाली गेले की काठावरची मोटार ते ओढत नाही, म्हणून तो ती खालच्या टप्प्यावर उतरवतो. मोटार पाणी ओढत नसून बाहेरच्या हवेचा दाब ते नळीत वर ढकलतो, हा दाब पाण्याला समुद्रसपाटीवर सुमारे १० मीटरपर्यंतच चढवू शकतो आणि आपल्या पठारावर त्याहूनही कमी, एवढेच त्याला सांगावयाचे असते. फूटव्हॉल्व्ह गळला की नळी हवा धरते हे त्याने आधीच पाहिलेले असते. कारण मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

स्नातकांनो, समोरच्या माणसाला गणित येत नाही म्हणून त्याला कारण कळणार नाही असे कदापि मानू नका, आणि कारण विचारणाऱ्याच्या हातावर नुसते नाव ठेवू नका. तुमच्यापैकी बहुतेकजण ज्या शाळा-महाविद्यालयांत काम कराल तेथील प्रयोगशाळा रविवारी कुलूपबंद असतील. अशा माणसांना शिकवण्यासाठी त्यांची किल्ली मागणारा अर्ज रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात करा, आणि नकार मिळाला तर दुसऱ्या महिन्यात पुन्हा करा.