चोळावे केव्हा, थांबावे केव्हा

(आवणीच्या आधी पाड्यावरील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आठ-पंधरा दिवसांत आवणी सुरू होईल. दिवसभर वाकून चिखलात काम, संध्याकाळी डोक्यावर मोळी नाहीतर हंडा. रात्री कंबर, मांड्या, मान सगळे ठणकते. मग सून सासूचे पाय चेपते, आई लेकीची पाठ चोळते. हे औषध घरचे आहे आणि गुणाचेही आहे. पण प्रत्येक दुखणे चोळून जात नाही, आणि काही दुखण्यांत चोळत बसल्याने जीव धोक्यात येतो. म्हणून आज दोन्ही गोष्टी बोलू.

बरेच दिवस न केलेले कष्टाचे काम केले की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. त्यामुळे पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग जास्त दुखते. चार-सहा दिवसांत ते आपोआप भरून येते. चोळल्याने आखडलेला स्नायू सैल पडतो, दुखणे हलके होते, झोप लागते. इजा भरायला मात्र तिचा वेळ लागतोच, म्हणून जास्त जोर लावून लवकर गुण येत नाही.

तीळ, खोबरेल, मोहाच्या बियांचे, घरात असेल ते तेल कोमट करा. आधी तळहाताने हलका हात फिरवा. पाय चोळताना घोट्याकडून वर या. गाठ लागेल तिथे अंगठ्याने हळूहळू दाब द्या, तीन-चार श्वास थांबा, सोडा. एका भागाला दहा मिनिटे पुरे. मणक्यावर दाबू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना चोळा. समोरच्याने श्वास रोखला किंवा अंग चोरले तर जोर कमी करा. पाठीवर पोराला उभे करून तुडवून घेणे बंद करा.

आता तेलाला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारा.

ताप आहे का? आवणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत जबर वेदना एकत्र आल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टो असू शकतो. उंदीर आणि गुराढोरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेतून तो शिरतो. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो.

एकाच पायाला सूज आहे का? पोटरी गरम, ताठ, दुखरी असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतिणीच्या बाबतीत जास्त जपा. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

पडलात का? हाड मोडले असेल तर चोळू नका, ओढू नका. फळी बांधून हात किंवा पाय स्थिर ठेवा आणि दवाखान्यात न्या.

छातीत दुखते का? छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, असे असेल तर तेल बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा.

आणखी एक. एखाद्या मुलाचे हातपाय, हाडे, सांधे वारंवार दुखत असतील, तर "वाढीचे दुखणे" म्हणून सोडून देऊ नका. सिकलसेल आपल्या आदिवासी समाजात बराच आढळतो. त्याची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते. अशा मुलाला थंडी आणि पावसात भिजण्यापासून जपा, पाणी भरपूर पाजा, औषध चुकवू नका.

बायबलमधला चांगला शोमरोनी आपल्यातल्या अनेकींना ठाऊक आहे. त्याने जखमांवर तेल ओतले, पट्ट्या बांधल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत नेले आणि खर्चही दिला.

पाड्यावर अंग चोळणाऱ्या ज्या आजी आहेत, त्यांच्याकडे लोक दवाखान्याआधी जातात. त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांचा मान राखा. आशाताईंनी आवणीआधी त्यांच्याजवळ बसून हे चार प्रश्न त्यांना सांगावेत. चारही उत्तरे "नाही" आली तर खुशाल चोळा. एकही "हो" आले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात चला, सकाळची वाट पाहू नका.