आधी कोण झोपतं?



ज्या वाचकाविषयी मी आज बोलणार आहे, तो या सभागृहात नाही. असता, तर स्वागतगीत संपायच्या आत त्याने समईकडे धाव घेतली असती आणि तुम्हाला वाटलेली या भाषणाची छापील प्रत चाखून पाहिली असती. वय वर्षं एक ते चार. अक्षरओळख शून्य. पुस्तकांविषयीची मतं मात्र ठाम.

मोठ्यांचं साहित्यविश्व आपल्याकडे दुर्लक्ष करतं, अशी तक्रार बालसाहित्याच्या अध्यक्षाने करायची असते. तक्रार खरी आहे, पण ती याआधी पुष्कळांनी माझ्यापेक्षा चांगली केली आहे. मला आज आपण स्वतः केलेलं दुर्लक्ष सांगायचं आहे. आपलं बालसाहित्य बहुतेक वेळा पहिलीच्या वर्गाच्या दारात सुरू होतं. त्याआधीच्या मुलाला आपण काय देतो? जाड पुठ्ठ्याची पुस्तकं दुकानांत रगड आहेत. फळं, भाज्या, वाहनं, प्राणी. एका पानावर एक सफरचंद, खाली नाव. पुढच्या पानावर केळं. ही पुठ्ठ्यावर छापलेली अंकलिपीच झाली. दुपारी ती ठीक आहे. रात्री साडेनऊला, दिवसभर दमलेल्या आईने आणि अजिबात न दमलेल्या मुलाने एकत्र वाचावं असं तिच्यात काही नाही.

म्हणून विषय एवढाच ठेवला आहे: झोपताना वाचायची, हसवणारी, पुठ्ठ्याची पुस्तकं. अध्यक्षपदाला जरा भारदस्त विषय घ्यावा असं मला सुचवण्यात आलं होतं. याहून अवघड विषय मला सापडला नाही.

इंग्रजीतही पुठ्ठ्याचं पुस्तक बराच काळ सफरचंद-केळ्याचंच होतं. अमेरिकेतल्या रोझमेरी वेल्स यांनी १९७९मध्ये मॅक्स नावाच्या सशाची चार छोटी पुस्तकं केली आणि पुठ्ठ्यावर एक खरं पात्र आलं, तंटा आला, शेवट आला. त्यातल्या एकात मोठी बहीण रुबी एकेक वस्तू पुढे करून मॅक्सला तिचं नाव म्हणायला लावते. मॅक्स प्रत्येक वस्तूला तोच एक धडामधुडूम शब्द वापरतो. शेवटी ती त्याच्या हातात सफरचंद देते. मॅक्स चावा घेतो आणि सफरचंद हा शब्द सोडून त्याच्या चवीचं वर्णन करणारा चांगला मोठा शब्द उच्चारतो. म्हणजे सफरचंद इथेही आहेच. पण शिकवणाऱ्याची फजिती झाली आहे, आणि मुलाला सफरचंदापेक्षा तिची गोडी जास्त.

सँड्रा बॉयन्टन यांचं 'द गोइंग टू बेड बुक' १९८२चं. नावेवर प्राण्यांची गर्दी. सूर्य मावळतो, सगळे खाली जातात, एकाच मोठ्या टबात अंघोळ करतात, रात्रीचे कपडे घालतात, दात घासतात. आणि मग, चंद्र वर आल्यावर, सगळेच्या सगळे वर जाऊन व्यायाम करतात. अंघोळ झाल्यावर! कपडे बदलल्यावर! मोठ्या माणसाला हे खटकतं. लहान मूल मात्र इथेच खिदळतं. त्याला जगातल्या फार थोड्या गोष्टींचा क्रम पक्का ठाऊक असतो, आणि झोपण्याआधीचा क्रम त्यांतला एक. जे पक्कं ठाऊक आहे तेच मोडलं की हसू येतं. शब्दांवरची कोटी त्याला कळत नाही, कारण मोडलेला नियमच त्याच्याजवळ नाही. डोक्यात घातलेली चड्डी मात्र लगेच कळते.

दुसरी युक्ती पेगी रॅथमन यांच्या १९९४च्या 'गुड नाइट, गोरिला'मध्ये दिसते. प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार प्रत्येक पिंजऱ्यापाशी जाऊन निरोप घेतो. गोरिलाने त्याच्या कमरेच्या किल्ल्या कधीच पळवल्या आहेत, आणि मागे एकेक पिंजरा उघडतो आहे. सगळी वरात त्याच्या घरात, थेट झोपायच्या खोलीत. बायको दिवा मालवून नवऱ्याचा निरोप घेते, तर अंधारातून भलतेच आवाज उत्तर देतात. पुढचं पान काळंकुट्ट, त्यात फक्त तिचे दोन विस्फारलेले डोळे. पुस्तकात शब्द जवळपास नाहीत. जे रखवालदाराला ठाऊक नाही ते मुलाला ठाऊक आहे, एवढ्यावर सगळं चाललं आहे. दिवसभर ज्याला प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी समजावून सांगतं, त्याला रात्री दहा मिनिटं का होईना, मोठ्या माणसापेक्षा शहाणं होता येतं.

हसवणं त्या मानाने सोपं आहे. गुदगुल्या केल्या तरी मूल हसतं, आणि मग अकरापर्यंत झोपत नाही. कसब आहे ते हसू उताराला लावण्यात. सगळ्यात मोठा हशा पुस्तकाच्या मध्याच्या थोडा पुढे उरकून घ्यावा लागतो. मग वाक्यं आखूड होतात, आवाज खाली येतो, रंग विझत जातात. मार्गारेट वाइज ब्राऊन आणि चित्रकार क्लेमेंट हर्ड यांचं १९४७चं 'गुडनाइट मून' विनोदी नाही, पण उतार शिकायचा तर तिथेच. पानागणिक खोली अंधारत जाते, आणि चित्रातलं घड्याळ सातपासून आठ-दहापर्यंत सरकतं. सशाच्या पिल्लाला आडवं करायला सत्तर मिनिटं! इथल्या कुठल्याही पालकाला ही अतिशयोक्ती वाटणार नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हे पुस्तक १९७२पर्यंत घेतलं नव्हतं. तिथल्या बालविभागाच्या माजी प्रमुख ॲन कॅरोल मूर यांना ते पसंत नव्हतं, आणि निवृत्तीनंतरही त्यांचा शब्द चालत असे. समोरच्या रांगेतल्या निवड समित्यांच्या सदस्यांकडे मी मुद्दाम बघत नाही.

आता आपल्याकडे. चिऊ-काऊची गोष्ट आठवा. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला कावळा मेणाच्या घराचं दार ठोठावतो, आणि चिमणी आतून थांबायला सांगते. का, तर बाळाला अंघोळ घालायची आहे, अंगडं घालायचं आहे, तीट लावायची आहे, निजवायचं आहे. बॉयन्टनबाईंच्या नावेवरचा क्रम तो हाच! शिवाय दाराबाहेर एक भिजलेला कावळा, त्यामुळे प्रत्येक वेळी उशीर झाला की मूल खूश. काही घरांत कावळा पुढे आत येतो आणि रात्रभर कोपऱ्यातलं धान्य कुरकुडत बसतो. विचारलं की सुपारी खातोय म्हणून थाप मारतो. खरं काय ते मुलाला माहीत. गोरिलाच्या किल्ल्यांची युक्ती आपल्या आज्यांना अवगत होती. आपण या गोष्टीचं छापील पुस्तक केलं तेव्हा काय केलं? उशीर कमी केला, कारण पानं वाढतात. थाप काढली, कारण खोटं बोलणं वाईट. शेवटी तात्पर्य जोडलं. विंदा करंदीकरांनी १९६१पासून मराठी मुलांना बेधडक अतर्क्य दिलं. पण ते थोड्या मोठ्या मुलांपर्यंत पोहोचलं. पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्याच्या वाट्याला आपण संस्कार ठेवले.

तर मग इंग्रजी पुस्तकांची भाषांतरं करावीत का? जरूर करावीत, चांगली करावीत. पण त्यांनी काम भागणार नाही, कारण झोपेचा विनोद घराच्या रचनेतून येतो. त्या पुस्तकांतल्या मुलाला बहुधा वेगळी खोली असते, वेगळा पलंग असतो. आई निरोप घेते, दार लोटते, निघून जाते. सगळी गंमत आणि सगळी हुरहुर त्या दाराभोवती. आपल्या बहुसंख्य घरांत लोटायला दारच नाही. मूल आईबाबांच्या मधे झोपतं, नाहीतर आजीच्या कुशीत. ट्यूबलाइट एकच, ती चालू असली तर सगळे जागे, बंद केली तर पुस्तक दिसत नाही. इथे निरोपाचा प्रश्नच नाही. इथला प्रश्न असा, की आधी कोण झोपतं? गोष्ट सांगता सांगता आजीचा राक्षस अर्ध्या वाक्यात थांबतो, घोरणं सुरू होतं आणि मूल तिच्या पापण्या बोटांनी वर करून बघतं. झोपवणाराच झोपला, नियम उलटा झाला! जगातला उत्तम बालविनोद आपल्या गाद्यांवर रोज रात्री घडतो आहे आणि त्याचं पुठ्ठ्याचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. गोधडी पायावर ओढली की डोकं उघडं, डोक्यावर ओढली की पाय. मच्छरदाणी नीट खोचून झाल्यावर लागलेली शू. सगळे आडवे झाल्यावर मागितलेलं पाणी, आणि ते प्यायल्यावर पुन्हा शू. मच्छरदाणीच्या आत राहिलेला एक डास आणि त्याच्यामागे टाळ्या वाजवत फिरणारे बाबा. शेवटच्या पानावर दिव्याचं बटण: तेही मुलानेच दाबायचं.

लेखकांना एक विनंती. हे पुस्तक मोठा माणूस मोठ्याने वाचतो, आणि शंभराव्यांदा वाचतो. पहिल्या वाचनाला गमतीदार वाटलेलं पल्लेदार वाक्य विसाव्या रात्री जिभेवर जड होतं. त्यात 'त्याने स्नान केले' असं असेल, तर वाचणारी आई ते आपोआप बदलते. म्हणजे तुमच्यापेक्षा ती बरी लेखिका ठरते. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश'ची पुस्तकं उघडून बघा: घरात बोलतात तसं लिहिताना कुठेही सैल व्हावं लागत नाही. आणि धपकन, भसकन, लुटुलुटु, टुणकन असल्या शब्दांची एवढी श्रीमंती असताना आपण या वयासाठी विशेषणं का खर्च करतो, हे मला उमगलेलं नाही.

प्रकाशकांची अडचण खरी आहे. जाड पुठ्ठा, चिकटवणं, लॅमिनेशन, गोल कापलेले कोपरे. पानं मोजकी आणि खर्च पोटभर. प्रती भरपूर काढल्या तरच किंमत उतरते, आणि एकट्या मराठीच्या बळावर तेवढ्या खपतील याची खात्री नसते. मग उपाय म्हणून तीच चित्रं अनेक भाषांसाठी एकदम छापतात. मजकूर केवळ काळ्या शाईत, भाषा बदलली की काळ्याची प्लेट तेवढी बदलायची. हिशोब उत्तम. पण मग चित्रात कुठेही अक्षर चालत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय पुसलं जातं, दुकानाची पाटी जाते, आजोबांच्या हातातलं वर्तमानपत्र कोरं होतं. सर्व भाषांना चालणारं असं घर उरतं, ज्यात कुणीच राहत नाही. माझं म्हणणं, भागीदार शेजारचे निवडा. गोव्याची कोंकणी, गुजराती, कन्नड: इथल्या घरांत गोधडीही सापडेल, मच्छरदाणीही आणि घोरणारी आजीही. कॅलेंडरवर नुसते आकडे काढले तरी भिंत भरते.

शेवटी एक ठराव. चार वर्षांखालच्या मुलांच्या पुस्तकांना द्यायचे पुरस्कार आपण टेबलाभोवती बसून, मनातल्या मनात वाचून ठरवतो. हे थांबावं. स्पर्धेतलं प्रत्येक पुस्तक आधी महिनाभर वेगवेगळ्या घरांत, अंगणवाड्यांत आणि पाळणाघरांत राहावं. मग ते परीक्षकांकडे यावं. ज्याचे कोपरे शाबूत असतील ते पुस्तक पहिल्या फेरीतच बाद. ठराव लेखी स्वरूपात कार्यवाहांकडे दिला आहे; उद्याच्या खुल्या अधिवेशनात त्याला अनुमोदक हवा आहे.