रंगाऱ्याचे उद्दिष्ट

चार-पाच कारागीर हाताशी धरून घरे रंगविणारा छोटा कंत्राटदार हा भांडवलदार नव्हे आणि निव्वळ मजूरही नव्हे. धंदा वाढवावयाचा म्हणजे अधिक घरे घ्यावयाची, एवढेच त्याला ठाऊक असते. दिवाळीच्या तोंडावर तो पाच ठिकाणी उचल घेतो आणि कोठेच वेळेवर पोहोचत नाही. (गिऱ्हाइकाचे शिव्याशाप हा या धंद्याचा जणू ठरलेला वार्षिक खर्च!) पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींचे काम बंद पडते, कारागीर गावी जातात, दुकानदाराची रंगाची उधारी मात्र जागेवरच राहते.

म्हणून त्याचे पहिले उद्दिष्ट उलाढालीचे नसावे, कामाच्या दिवसांचे असावे. समजा, चार कारागिरांना वर्षाकाठी २०० दिवस काम मिळते. ते २४० झाले, तर एकही माणूस न वाढविता १६० मनुष्यदिवस वाढतात. त्यासाठी ओल न आलेल्या आतील खोल्यांची कामे पावसाळ्याकरिता राखून ठेवावी लागतील आणि दिवाळीची दोन कामे नाकारावी लागतील. हे नाकारणेच सर्वांत अवघड. त्यानंतर रंगाची रोखीने खरेदी, मग स्वतःची परांची.

दिवसांच्या या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेला, १८ ते ६० वर्षे वयाचा बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीस पात्र ठरतो. रंगारीही त्यात येतो. परंतु ते दिवस दाखवावयाचे कशाच्या आधारे? बहुतेक कंत्राटदारांजवळ हजेरीची साधी वहीसुद्धा नसते.